‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं

काटेवाडीच्या आमच्या घरीं सायंकाळीं देवापुढें दिवा लागला, कीं नातू संगणकापुढें बसतो. परवां त्यानें विचारलें, “आजोबा, शंभर नांवांच्या यादींतून एक नांव कसें शोधाल?” आम्हीं म्हटलें, “पहिल्यापासून वाचीत जाऊं.” तो हंसून म्हणाला, “यंत्रही तेंच करतें.”

यंत्राच्या स्मरणांत वस्तूंची क्रमवार रांग मांडलेली असते. तीस ‘अ‍ॅरे’ म्हणतात. तिच्या पहिल्या घरास बहुधा शून्य क्रमांक असतो. यंत्र त्या घरापासून निघतें व तेथील वस्तू इष्ट वस्तूशीं ताडून पाहतें. जुळली तर घराचा क्रमांक सांगून थांबतें. न जुळली तर पुढें सरकतें. रांग संपल्यावांचून तें ‘नाहीं’ म्हणत नाहीं. शंभर घरांस फार तर शंभर तुलना लागतात.

हें ऐकून आम्ही मनांतून ओशाळलों. आम्ही शिक्षक असतां एक माजी विद्यार्थी जन्मतारखेच्या दाखल्यासाठीं आला होता. जनरल रजिस्टर प्रवेशाच्या क्रमानें लिहिलेलें. आम्हीं घाईनें पानें उलटलीं आणि “नांव नाहीं” म्हणून त्यास परत लाविलें. त्याच्या नोकरीचा प्रश्न होता. रात्रीं झोंप येईना, म्हणून सकाळीं पुन्हा पाहिलें, तों दोन पानें चिकटलेलीं! नांव तेथेंच होतें. आम्हीं स्वतः त्याच्या घरीं दाखला नेऊन दिला.

यादी अकारविल्हे असेल, तर मात्र याहून सुलभ मार्ग आहे. मोल्सवर्थसाहेबांच्या 1831 सालच्या कोशांत शब्द पाहतांना आपण मध्येंच पान उघडतों. शब्द पुढचा असेल तर मागचा भाग सोडून देतों. दर वेळीं निम्मी यादी गळते, म्हणून हजार शब्दांस दहा व दहा लाखांस वीस तुलना पुरतात. अमरकोश वर्गवार रचलेला असल्यानें तेथें ही युक्ति चालत नाहीं. तो मुखोद्गतच असावा लागतो.

या युक्तींतही विद्वान चुकले आहेत. मध्य काढण्यासाठीं दोन टोकांचे क्रमांक मिळवितांना रांग अतिप्रचंड असल्यास बेरीज यंत्राच्या मापांत मावत नाहीं. हा दोष ‘जावा’ भाषेच्या तयार साधनांत कित्येक वर्षे राहिला होता. जोशुआ ब्लॉक यांनीं तो 2006 सालीं जाहीर केला.

तात्पर्य, वाचकहो, ‘आहे’ म्हणण्यास एक घर पुरतें. ‘नाहीं’ म्हणण्यास सगळीं घरें पाहावीं लागतात, नाहीं तर यादीचा क्रम तरी पक्का ठाऊक असावा लागतो. आम्हांस हें नातवाच्या यंत्रानें पुन्हा शिकविलें.