कृष्णा-पंचगंगेकाठचे कानसेन

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडी दत्तक्षेत्र म्हणून सर्वपरिचित असली आणि वासुदेवानंद सरस्वतींच्या ‘करुणात्रिपदी’मुळे तिची आठवण घरोघरच्या उपासनेत जागी राहिली असली, तरी हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात या परिसराचे स्थान किती मोठे आहे, हे पादुकांचे दर्शन घेऊन कवठाची बर्फी आणि बासुंदी घेऊन परतणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानी येते. पंचगंगेपलीकडच्या कुरुंदवाडात १८७२ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले आणि तेथेच १९२२ मध्ये ग्वाल्हेर घराण्याचे रहिमतखाँ निवर्तले. मिरजेत अब्दुल करीमखाँ स्थिरावले, तर कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँ. या गवयांची नावे आजही घेतली जातात. त्यांना ऐकून, स्वतःच्या आवडीनिवडी न लपवता ज्यांनी लिहून ठेवले, ते लेखक मात्र विस्मरणात गेले आहेत.

त्यांत अग्रमान गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचा. ‘मानापमान’च्या चाली आणि ‘अयोध्येचा राजा’मधील हरिश्चंद्र यांमुळे त्यांचे नाव टिकले, पण ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक आता फारसे कोणी उघडत नाही. टेंबे पेटीवादक होते, आणि पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची क्रिया, निघत नाही. आपल्या वाद्याला जे जमत नाही ते गळ्यातून कसे निघते, हे न्याहाळण्याची सवय त्यामुळेच त्यांच्या कानाला लागली असावी. अल्लादियाखाँचे चरित्रही त्यांनी लिहिले. ऐन उमेदीत अतिश्रमाने खाँसाहेबांचा आवाज बसला आणि पुन्हा सावरला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. त्या बदललेल्या गळ्याला साजेल अशी, लयीशी गुंतलेली पेचदार गायकी, म्हणजे राग मांडण्याची स्वतंत्र रीत, त्यांनी घडवली, आणि तीच पुढे जयपूर घराण्याची ओळख ठरली.

मिरजेत जन्मलेले बी. आर. देवधर हे पलुसकरांचे शिष्य व कुमार गंधर्वांचे गुरू. त्यांच्या ‘थोर संगीतकार’मध्ये भक्तिभावापेक्षा चौकसपणा अधिक आहे: उस्तादांचा आवाज कसा कमावला गेला, ते रियाज कसा करीत, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. हद्दूखाँकडे गाणे शिकलेले सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी, मनाचा तोल ढळलेल्या आपल्या गुरुपुत्राला, रहिमतखाँना, सांभाळले; या विलक्षण आयुष्याकडे देवधर करुणेने पाहतात, पण गळा काढीत नाहीत. मराठी व्यक्तिचित्रांत हा संयम तसा दुर्मीळच.

‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गवयांवर निर्भीडपणे लिहिणारे केशवराव भोळे या काठचे नव्हेत, तरी याच पंक्तीत बसतात. व्यवसायाने सनदी लेखापाल असलेले वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’त (१९६१) घराण्यांची तुलना स्वर आणि लय यांना मिळणाऱ्या प्राधान्यावरून केलेली असून, जयपूर घराण्यात हे दोन्ही समतोल साधतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ते स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे, म्हणजे त्याच घराण्यात शिकले असल्यामुळे हा निवाडा अगदी तटस्थ म्हणता येणार नाही. परंतु ‘आलापिनी’त गुरुजनांची व्यक्तिचित्रे काढताना हाच पक्षपात जिव्हाळ्याचे रूप घेतो.

या यादीत स्त्री नाही, ही तिची मोठीच उणीव आहे. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) याच जयपूर घराण्यातील भुर्जीखाँ आणि केसरबाई केरकर यांच्याकडे शिकल्या, पण त्यांचे आयुष्य पुस्तकरूपाने वाचकांसमोर आले ते त्यांची शिष्या नमिता देवीदयाल यांच्या २००७ मधील ‘द म्युझिक रूम’मधून, आणि तेही इंग्रजीत. नव्या वाचकाने देवधरांच्या रहिमतखाँपासून आरंभ करून टेंब्यांकडे वळावे, देशपांडे त्यानंतर घ्यावेत, आणि धोंडूताईंचे चरित्र मात्र जयपूर गायकीची एखादी ध्वनिमुद्रिका ऐकल्यावाचून उघडू नये.