कुत्र्याला घेऊन अलिबागला: बंगला मिळाला, पुढे?

पहिल्यांदा चिंगीला घेऊन आम्ही अलिबागजवळ बंगला घेतला तेव्हा फोनवर मी एकच प्रश्न विचारला होता, "कुत्रा चालेल ना?" पलीकडून उत्तर आलं, "चालेल की, आणा बिनधास्त." पोचल्यावर कळलं, की चालेल म्हणजे पडवीत चालेल. ती रात्र चिंगीनं पडवीत काढली आणि मी तिच्या शेजारी चटई टाकून, डासांच्या संगतीत. मालकाचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या घरात देवघर होतं, गाद्या नव्या होत्या, आणि मी विचारलंच नव्हतं.

'पेट-फ्रेंडली' या शब्दाला ठरलेला अर्थ नाही, हे तेव्हा समजलं. कुणाकडे कुत्रा खोलीत चालतो पण पलंगावर नाही, कुणाकडे स्वयंपाकघर सोडून सगळीकडे, तर कुणाला फक्त 'लहान' कुत्रा चालतो आणि लहान म्हणजे किती ते तो आल्यावर ठरतं. जादा आकार असतो, कधी अनामतही. तेव्हा जात सांगण्याऐवजी वजन सांगावं, कुत्रा झोपणार कुठे ते विचारावं, आणि वाडीत मालकाचा स्वतःचा कुत्रा, मांजर किंवा कोंबड्या आहेत का, हेही. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि निम्मी भांडणं तिथेच होतात.

"कायद्यानं कुत्र्याला नाही म्हणताच येत नाही" असं ठणकावून सांगणारेही भेटतात. त्यांच्या मनात असतात भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना. त्या आहेत निवासी संकुलांसाठी. सोसायटीनं रहिवाशाला कुत्रा पाळायला बंदी करू नये, असं त्यांचं सांगणं. दोन रात्रींसाठी घर भाड्यानं देणारा मालक नाही म्हणू शकतो. तो हो म्हणतोय हा त्याचा चांगुलपणा किंवा धंदा आहे, आपला हक्क नव्हे.

यापेक्षा मोठी गल्लत वेगळीच आहे. बंगल्यात कुत्रा चालतो म्हणजे गावात सगळीकडे चालतो, असं आपण धरून चालतो. भाड्यानं मिळतं ते घर. समुद्र, किल्ला, कोळीवाडा आणि किनाऱ्यावरचे स्थानिक कुत्रे हे कुणीही आपल्याला भाड्यानं दिलेले नसतात.

या स्थानिक कुत्र्यांबद्दल "आमचा अगदी गरीब आहे, खेळेल त्यांच्याशी" असं म्हणत पट्टा सोडणारे दर सुट्टीत दिसतात. त्या कुत्र्यांच्या दृष्टीनं मात्र किनाऱ्याचा प्रत्येक तुकडा कुणा ना कुणाच्या मालकीचा असतो, आणि शहरातून आलेला पाहुणा हा थेट घुसखोर. त्यातच घोडागाड्या चालू असतात. भुंकणारा कुत्रा आणि बुजणारा घोडा एकत्र आले की गाडीतल्या माणसांचं काय होईल सांगता येत नाही. रेबीजची लस चालू असल्याचा कागद सोबत ठेवावा. पावसाळ्यात जाणार असाल तर लेप्टोची लसही घेतलेली असावी. वाडीतल्या गवतातून गोचीड हमखास येतात आणि "समुद्रात डुंबला की गोचीड मरतात" हे खरं नाही. उलट खारं पाणी अंगावर वाळलं की खाज सुटते. समुद्रातून आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्यानं अंघोळ, कान कोरडे, आणि मग बोटांच्या मध्ये व कानांमागे गोचीड शोधणं, हा रोजचा कार्यक्रम धरावा.

सगळे कुत्रे जन्मजात पोहतात, हेही अर्धसत्यच. पाय मारतात सगळे. पण पग, बुलडॉग आणि आखूड पायांचे डॅशहुंड लवकर दमतात नि बुडू शकतात. तहान लागल्यावर कुत्रा समुद्राचं पाणी पितो आणि मग उलट्या-जुलाब होतात, म्हणून पाण्याची बाटली आपल्यासाठी एक आणि त्याच्यासाठी एक. मासेमारांनी टाकून दिलेल्या मासळीत केंड असू शकतो, म्हणजे फुगणारा विषारी मासा. तो तोंडात गेला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ पशुवैद्य गाठायचा.

मुंबईहून जायला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून आहे. तासाभराचा प्रवास, आणि वडखळच्या वाहतूक कोंडीतून सुटका. कुत्र्याला तिच्यावर नेता येतं, त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. "काच थोडी खाली ठेवून गाडीतच ठेवू" हा विचार मात्र डोक्यातून काढून टाकावा. बंद गाडी काही मिनिटांतच तापते, आणि आपल्यासारखा घाम कुत्र्याला येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि गरम हवेत धापा टाकून काहीच थंड होत नाही.

वाटेत कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसतात. अलिबागचा पांढरा कांदा गोड आणि औषधी, भौगोलिक मानांकन मिळालेला. तेव्हा कुत्र्यालाही तो बाधणार नाही, असा तर्क मी खाणावळीच्या बाकावर ऐकलाय. गोडवा आपल्या जिभेपुरता. पांढरा असो की लाल, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि त्रास कधीकधी काही दिवसांनी दिसतो. तोवर आपण घरी परतलेले असतो आणि कारण लक्षातही येत नाही. त्यामुळे रस्सा भात नको. नुसता भात आणि काटे काढलेली, कांदा-मसाल्याविना उकडलेली मासळी, एवढं सांगितलं की खाणावळवाल्या मावशी आनंदानं करून देतात.

आता घाणीविषयी. "वाळूत पुरलं की संपलं", "भरती आली की धुऊन जातं." उबदार, ओलसर वाळू ही कुत्र्याच्या पोटातल्या हूकवर्मच्या अळ्यांना फार मानवते. त्या अनवाणी पायांच्या त्वचेत शिरतात आणि तिथे नागमोडी, खाजणारे चट्टे उठतात. आणि किनाऱ्यावर अनवाणी चालणारे फक्त पर्यटक नसतात. कोळणी इथेच बसतात, काही ठिकाणी मासळीही इथेच सुकते.

याला जोडून एक गंमत. अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवर ट्राम धावणार, तिच्या विजेनं कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून ती इकडे हलवली गेली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कधी शांत असतं आणि कधी खवळतं, याची नोंद इथे होते. चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांचं निरीक्षण करून असं मांडलं, की हे क्षेत्र शांत असताना कुत्री शौचाला बसताना उत्तर-दक्षिण दिशा पसंत करतात. त्यांना २०१४ चं इग नोबेल मिळालं. तेव्हा अलिबागच्या किनाऱ्यावर आपला कुत्रा गोल गोल फिरून दिशा शोधू लागला तर त्याला घाई करू नये. फक्त पिशवी हातात तयार ठेवावी. आणि टांग वर करायला प्रत्येक दगड नसतो. अलिबागजवळच्या अक्षी गावातला शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख कित्येक वर्षं असाच रस्त्याकडेला उभा होता; काही अभ्यासक तो सर्वांत जुना मराठी शिलालेख मानतात.

राहता राहिला अलिबागसमोरच्या समुद्रातला कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा मुख्य तळ. ओहोटीला चालत जाता येतं, त्यामुळे कुत्र्यालाही नेता येईल असं सगळ्यांना वाटतं. किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, आणि अशा स्मारकांसाठीच्या १९५९ च्या नियमांत स्मारकाच्या देखभालीशिवाय अन्य कारणासाठी प्राणी आत आणायला मनाई आहे. मग लोक दरवाज्याबाहेर खडकाला कुत्रा बांधून आत जातात. आत गणपतीचं १७५९ मधलं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, फोटो आहेत; बाहेर पाणी चढत असतं.

पाण्याची वेळ "काल पाच वाजता ओहोटी होती, आजही पाचला" अशी नसते. ती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणात तिचं जुनं गणित आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, ओहोटी सव्वापाचच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. मात्र अष्टमीची भरती भांगाची, तेव्हा पाणी कमी चढतं तसं कमी उतरतंही, आणि वाटेत गुडघाभर पाणी राहू शकतं. हा हिशेब फक्त अंदाजापुरता. शेवटचा शब्द छापील कोष्टकाचा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याचा.

दोघं असाल तर पाळी लावावी. एकानं जाऊन यावं, दुसऱ्यानं किनाऱ्यावर सावलीत कुत्र्यापाशी बसावं. जाण्याआधी तळहाताची मागची बाजू वाळूला टेकवून बघावी. सात-आठ सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर कुत्र्याच्या पंज्यांनाही ती भाजते. चिंगीनं कुलाबा किल्ला आजवर चार वेळा पाहिलाय. चारही वेळा सुरूच्या झाडाखालून.