सहा महिन्यांच्या शिपायाचा माग

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला पूर्वज शोधायला निघालेल्याला सगळ्यांत जास्त दमवतो तो मिलिशियातला शिपाई. 1775 साली हे युद्ध पेटले. इकडे पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले तेही त्याच वर्षी. जॉर्ज वॉशिंग्टनच्या खड्या फौजेतला सैनिक हजेरीपटावर सलग दिसतो. मिलिशिया ही गावची हत्यारबंद फळी. साधारण सोळा ते साठ वयाच्या पुरुषाने बोलावणे आले की निघायचे, दोन-तीन महिने पहारा द्यायचा, प्रसंगी लढायचे आणि परत येऊन शेताला लागायचे. त्यामुळे त्याची नोंद तुटक. त्यात 8 नोव्हेंबर 1800 रोजी युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि होते त्यातले बरेच कागदही गेले.

मग हा माणूस सापडतो कुठे? त्याच्या म्हातारपणात.

7 जून 1832 रोजी अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. किमान सहा महिने चाकरी केलेल्याला, मग तो मिलिशियातला का असेना, पेन्शन मिळणार होते. लेखी पुरावा फारच थोड्यांजवळ होता. म्हणून सत्तरी-ऐंशीतले म्हातारे कोर्टात उभे राहिले आणि शपथेवर आपली हकिगत सांगू लागले. प्रश्न ठरलेले असत. जन्म कुठला, कोणत्या सालचा? वयाची नोंद आहे का? बोलावणे आले तेव्हा राहायला कुठे होतात, युद्धानंतर कुठे राहिलात? आपणहून गेलात, सक्तीने, की दुसऱ्या कोणाच्या बदली? वरचे अधिकारी कोण? शेजारपाजारचे कोण तुम्हाला ओळखतात? वंशावळ जुळवणाऱ्याला याहून नेमके प्रश्न सुचणार नाहीत. सही करता न येणाऱ्या शेतकऱ्याचे आयुष्य त्याच्याच तोंडून ऐकायला मिळावे, हे भाग्य इतिहासात फार क्वचित लाभते.

घरची माणसे मात्र बायकोच्या अर्जात भेटतात. 1836 पासूनच्या कायद्यांनी अनेक विधवांना पेन्शनचा हक्क दिला, पण लग्न शाबीत करण्याची अट होती. तेव्हा कित्येकींनी घरच्या बायबलमधली पाने फाडून सरकारकडे पाठवली. त्यांवर लग्नाची तारीख आणि मुलांचे जन्म-मृत्यू घरच्याच हाताने लिहिलेले.

शोध अठराव्या शतकापाशी थांबवूनही चालत नाही. या युद्धातल्या नोआ डेमन नावाच्या सैनिकाने 1835 साली, पंचाहत्तरीच्या घरात असताना, विशीतल्या एस्थर सम्नरशी लग्न केले. व्हरमाँटमध्ये राहणारी एस्थर 1906 साली वारली. त्या युद्धाचे पेन्शन घेणारी ती शेवटची विधवा.

या अर्जांच्या सुमारे 80,000 फायली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि संगणकावरही पाहता येतात. फायलीवर ‘एस’ असेल तर अर्ज सैनिकाचा, ‘डब्ल्यू’ असेल तर विधवेचा, ‘आर’ म्हणजे नामंजूर. नामंजूर म्हणून ती फाईल सोडू नये. पेन्शन नाकारले गेले, तरी त्यासाठी दिलेल्या साक्षी आणि पुरावे तिच्यात तसेच आहेत.