गाडी उभ्या उभ्या रेस होतेय? पार्ट बदलण्याआधी ‘कशावरून?’ विचारा



सेकंडहँड गाडी घेऊन धंदा सुरू करणारे आपल्या भागात लई जण आहेत. कुणी मेसचे डबे पोचवतं, कुणी मंडपाचं सामान नेतं, कुणी नांदेडहून लातूरला मसाल्याची ऑर्डर घेऊन जातं. नव्या गाडीत भांडवल अडकवायचं नाही म्हणून पंधरा-अठरा वर्षं जुनी मारुती व्हॅन नाहीतर अल्टो घ्यायची. हिशोब बरोबर आहे. पण तीच गाडी एक दिवस न्यूट्रलमध्ये उभी असताना आपोआप रेस व्हायला लागते, आणि मग गॅरेजच्या चकरा सुरू होतात.

माझंच सांगतो. कार्यशाळेचं सामान न्यायला मी एक जुनी व्हॅन घेतली होती. अहमदपूरजवळ चहाला थांबलो, तर इंजिन कुणीतरी पाय देऊन बसल्यासारखं ओरडत होतं. एका गॅरेजला दाखवली. आधी थ्रॉटल बॉडी साफ केली, मग सेन्सर बदलला, मग स्टेपर मोटर. तीन चकरा, ५,४०० रुपये, आणि रेस जशीच्या तशी. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी पुढचं सीट उचललं, कान देऊन ऐकलं आणि एक रबरी पाइप चिमटीत दाबला. आवाज लगेच खाली आला. पाइपला चीर होती. नवा पाइप ८० रुपयांचा.

५,४०० रुपये अंदाजाचे गेले आणि ८० रुपये निदानाचे. आज तेच निदान कसं करायचं ते बघू.

आधी ठरवा, हा बिघाड आहे का?

सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर काही मिनिटं १,२०० ते १,५०० आरपीएम असतील तर काळजी नको. एसी लावल्यावरही आरपीएम थोडे वाढतात. पण इंजिन पूर्ण गरम झालंय, एसी बंद आहे आणि तरी स्लो रनिंग १,२०० च्या खाली येत नाही, तर बिघाड आहे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत गरम इंजिनचा स्लो ७५० ते ९०० च्या आसपास असतो. जुन्या व्हॅनमध्ये आणि मारुती ८०० मध्ये बहुधा आरपीएमचा काटाच नसतो. अशा वेळी गॅरेजमधल्या मीटरवर एकदा मोजून घ्या. नुसत्या कानावर हजार रुपये खर्च करू नका.

मुळातली गोष्ट: हवा

पेट्रोल इंजिनचा वेग हवेवर चालतो. तुम्ही एक्सिलेटर दाबता तेव्हा खरं तर हवेचं दार उघडता. एमपीएफआय गाडीत आत गेलेल्या हवेच्या हिशोबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. म्हणजे पाय न देता इंजिन पळतंय, तर जास्तीची हवा आत जातेय. मग प्रश्न एकच उरतो: ही हवा चोरून येतेय, की कुणीतरी खोटा निरोप देऊन बोलावलीय?

चोरून येणारी हवा

तपासणी मोकळ्या जागेत करा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला पाहिजे. ओढणी, गमछा, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा.

१. एक्सिलेटर केबल: इंजिन बंद ठेवून केबल हलवून बघा. थोडी ढिली हवी. ताठ असेल, धुळीने अडकत असेल किंवा पायाखालची मॅट पेडलवर चढली असेल, तर दार पूर्ण मिटतच नाही. इथे खर्च जवळपास शून्य.

२. रबरी पाइप: इंजिन चालू ठेवून ‘स्स्स’ असा आवाज कुठून येतो ते ऐका. मग पकडीला फडकं गुंडाळून एकेक व्हॅक्यूम पाइप हलकेच दाबा. ज्याला दाबल्यावर आरपीएम पडतात, चोर त्याच वाटेने येतोय. आपल्याकडचं ऊन रबर कडक करतं. आणि गाडी मोंढ्यात धान्याच्या गोदामाजवळ उभी राहत असेल तर उंदीरही पाइप कुरतडतात.

३. ब्रेक बूस्टरचा पाइप: हा सोडू नका. इथून हवा येत असेल तर रेस वाढतेच, शिवाय ब्रेक दगडासारखा कडक होतो. भरलेल्या गाडीला हे जिवावर बेतू शकतं. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून चार-पाच वेळा ब्रेक दाबा, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. गेलं नाही तर गाडी धंद्याला काढू नका.

४. गॅस्केट: मॅनिफोल्डच्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर जोड गळतोय. वायरिंग आणि तापलेला सायलेन्सर पाइप सोडून मारा. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून बघणारे आहेत, पण त्याने आग लागू शकते. ते करू नका.

कार्बोरेटरची गाडी असेल तर याशिवाय चोक पूर्ण मागे येतोय का आणि कुणी स्लोचा स्क्रू पिळून ठेवलाय का, हे बघा.

खोट्या निरोपाने आलेली हवा

कॉम्प्युटरला वाटलं की इंजिन थंड आहे, तर तो मुद्दाम रेस वाढवतो. हा निरोप त्याला कूलंटचा तापमान सेन्सर देतो. मल्टीमीटरवर या सेन्सरचा रोध मोजता येतो. ढोबळमानाने २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. गाडीप्रमाणे आकडे बदलतात, पण तापल्यावर रोध खूप उतरला पाहिजे. नाही उतरला तर सेन्सर खोटं बोलतोय.

कधी सेन्सर खरं बोलतो आणि इंजिनच गरम होत नाही. आपल्याकडे उन्हाळ्याच्या भीतीने थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे. मग डिसेंबरच्या सकाळी हायवेला इंजिन पुरेसं तापत नाही, रेस वाढलेली राहते आणि पेट्रोल जळत राहतं. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं तर क्षार साचून थर्मोस्टॅट अडकतो, तेही आहेच. ओळख अशी: थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप काही मिनिटं थंड राहून मग झटकन तापला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा काढलाय. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

शेवटचा नंबर स्लोच्या हवेचा व्हॉल्व्ह, म्हणजे गॅरेजवाले ज्याला स्टेपर मोटर म्हणतात, त्याचा. काजळीने तो उघडा अडकतो. आधी साफ करून बघा, बदलायचं नंतर. खूप जुन्या गाडीला मोबाइलवरचा स्वस्त स्कॅनर लागेलच असं नाही, म्हणून हात, कान आणि मल्टीमीटर शिकून घ्या.

आणि स्क्रू पिळून स्लो कमी करायचा मोह टाळा. आवाज कमी होतो, चीर तिथेच राहते.

यात तुमचा धंदा कुठे आहे?

गाडीमालक असाल तर गॅरेजमध्ये ‘काय बदलायचं?’ असं विचारू नका. ‘कशावरून?’ असं विचारा. कशावरून सेन्सर गेला? मोजला का? ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला पैसे द्या, आणि हसत द्या.

गॅरेज काढायचं स्वप्न असेल तर तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लाजू नका. गिऱ्हाइकाला चिरलेला पाइप हातात द्या, पाइप दाबल्यावर आवाज कसा पडतो ते ऐकवा. ज्याने स्वतःच्या कानाने ऐकलं तो घासाघीस कमी करतो आणि दुसऱ्या दोघांना घेऊन येतो. वहीत लिहा: थंड असताना आरपीएम किती, गरम असताना किती, काय बदललं, नंतर किती. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या तर गाडी कशाने सुधारली हे तुम्हालाही कळणार नाही.

दुकानाचंही असंच असतं बघा. विक्री पडली की कुणी बोर्ड बदलतं, कुणी भाव पाडतं, कुणी जाहिरात देतं, सगळं एकाच आठवड्यात. गल्ला कुठून गळतोय ते कुणी बघत नाही.

या रविवारी तासभर काढा, बॉनेट नाहीतर सीट उचला, आणि पहिल्या नंबरपासून सुरू करा. खिशात हात घालायच्या आधी.