स्पंज शोधायला बाघला

पहाटे साडेचार. क्रिटेशस काळातला स्पंज दोंडाईच्यात मिळणार नाही, म्हणून ही जीप. गावाखाली सगळा बेसाल्ट. तो काळ संपता संपता, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ओतला गेलेला लाव्हा. लोक शेतातल्या गारगोट्या आणून दाखवतात. सुंदर असतात, पण त्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत तयार झालेल्या. त्यांचा समुद्राशी संबंध नाही. लाव्ह्याआधीचा समुद्र पाहायचा तर धार जिल्ह्यातलं बाघ गाठायचं. सामान थोडकंच: हातोडा, छिन्नी, दहापट भिंग, जुनी वर्तमानपत्रं, मार्कर, विरल आम्लाची बाटली. आणि कळण्याची भाकरी, ठेचा.

सव्वापाच. सारंगखेड्याचा पूल, खाली तापी अंधारात. शहाद्याला चहा. पुढे खेतिया, पानसेमल. हा सगळा टापू भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्यावरच्या १८६९च्या ग्रंथात मांडला. त्यांच्यापुढे असा डांबरी रस्ता नव्हता, हे बसून जाणाऱ्याने ध्यानात ठेवावं. बडवानी मागे टाकून नर्मदा ओलांडली की कुक्षी.

साडेनऊ. बाघच्या अलीकडचा एक नाला. या भागात डायनासोरची अंडी सापडतात, संरक्षित जागाही आहेत. तिकडे हातोडा न्यायचा नाही. शेतमालकाला विचारून, नाल्यात सुटे पडलेले तुकडे तेवढे घ्यायचे. थर खालून वर वाचायचे: आधी निमाड वालुकाश्म (बाघची लेणी याच दगडात कोरलेली), मग गाठीगाठींचा चुनखडक, वर ‘कोरलाइन’ चुनखडक. पश्चिमेकडून नर्मदा खोऱ्यात शिरलेल्या उथळ समुद्राचा हा गाळ, नऊ कोटी वर्षांच्या आसपासचा. ‘कोरलाइन’ असं नाव असलं तरी त्यात प्रवाळ नव्हे, मुख्यतः ब्रायोझोआंचा चुरा आहे. स्पंज शोधणाऱ्याची पंचाईत इथेच सुरू होते.

अकरा. ऊन चढलं. काडीसारखे, फांद्या फुटलेले तुकडे हाताला लागतात. नुसत्या डोळ्यांना सगळेच स्पंज वाटतात. भिंग डोळ्याशी चिकटवून दगड जवळ आणायचा. भिंग दगडाजवळ न्यायचं नाही. छिद्रं एकसारखी, ओळीत, जवळजवळ एकाच मापाची असली तर तो ब्रायोझोआ: प्रत्येक छिद्र म्हणजे एका इवल्या प्राण्याची खोली. स्पंजाची छिद्रं लहानमोठी, त्यांतून आत नळ्या गेलेल्या, वर बहुधा एक मोठं तोंड. प्रवाळात मध्याकडे येणारे पडदे दिसतात. फोडलेली बाजू पाहावी. बाहेरून गुळगुळीत झालेला तुकडा काहीच सांगत नाही.

ड्रायव्हर बांधावर बसून बघत असतो. ‘सर, तुम्ही दगडं येची ऱ्हायनात का फेकी ऱ्हायनात?’ फेकतोच आहे. टाकून देणं हेच या कामातलं मुख्य काम. हौशी लोक पिशवी भरून नेतात आणि घरी अडगळ करतात. त्यापेक्षा नाल्यातच निर्णय केलेला बरा.

दीड. भाकरी. निवडलेल्या तुकड्यांवर आम्लाचा थेंब टाकला, फसफसलं. म्हणजे चुना. एवढ्यावरून तो स्पंज नव्हे असं म्हणता येत नाही. काही स्पंजांचा सांगाडा मुळातच चुन्याचा. आणि ज्यांच्या कंटिका, म्हणजे सांगाड्यातल्या बारीक सुया, सिलिकेच्या, त्यांतही सिलिका विरघळून जाऊन जागी चुना बसलेला असू शकतो. तुकडे वेगवेगळ्या कागदात गुंडाळले. वर तारीख, थर, नाल्याची बाजू. थर न लिहिलेला जीवाश्म नुसता दगडच.

तीन. परत. वाटेत झोप, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

साडेआठ. घर. तुकडे पाण्यात, मऊ ब्रशने साफ. शेजारी नमुन्याची बशी: इंग्लंडातल्या फॅरिंगडनच्या स्पंजाळ खडीतला रॅफिडोनिमा हा स्पंज, मावसभावाने रेडिंगहून आणलेला. पेल्यासारखा, भिंत जाड आणि खडबडीत. क्रिटेशस स्पंजांसाठी प्रसिद्ध जागा तीच. त्याच्याशी ताडून पाहिलं की बाघच्या काड्यांतल्या बहुतेक आपोआप बाद होतात. आपल्या देशातल्या क्रिटेशस स्पंजांवर जीवाश्मतज्ज्ञ स्टोलिच्का यांनी १८७३ साली लिहिलं, पण ते तमिळनाडूकडच्या थरांबद्दल.

मुंबईचे कार्टर मात्र मला जवळचे. हेन्री जॉन कार्टर, लष्करातले डॉक्टर. त्यांनी मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं वर्णन १८४९मध्ये छापलं. पुढे मायदेशी परतल्यावर ग्रीनसँड खडकातल्या क्रिटेशस कंटिका घेऊन त्या आजच्या जिवंत स्पंजांच्या कंटिकांशी ताडून पाहिल्या, १८७१मध्ये. आधी जिवंत प्राणी ओळखा, मग दगडातला, हा क्रम प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला पटतो. विद्यार्थ्यांना तळ्यातला स्पंज आधी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो तो याच कारणाने.

दहा. तीनच तुकडे उरले. दोहोंना ‘ब्रायोझोआ’ अशी चिठ्ठी. तिसऱ्यात छिद्रं विस्कळीत आहेत, एक नळी आत वळल्यासारखी दिसते, त्यावर ‘स्पंज?’. प्रश्नचिन्ह खोडायचं ते त्याची चकती पारदर्शक होईपर्यंत काचेवर घासून कंटिकांची जाळी दिसली तरच. घासायची कार्बोरंडमची भुकटी संपली आहे, धुळ्याहून मागवायची.