आईच्या दुधात उतरणारी कीटकनाशकं

डीडीटी चरबीत विरघळतं आणि तिथंच वर्षानुवर्षे साठून राहतं. आईच्या दुधातल्या स्निग्धांशासोबत ते बाळाच्या पोटात जातं. भारतात अनेक तपासण्यांमध्ये ते मातांच्या दुधात आढळलं आहे. शेतीतला त्याचा वापर १९८९ मध्ये थांबला, तर एंडोसल्फान या दुसऱ्या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी आणली.

बंदीने फरक पडतो. स्टॉकहोममध्ये १९७२ ते १९९७ दरम्यान साठवलेल्या आईच्या दुधाच्या नमुन्यांत डीडीटी सतत घटत गेलं. त्याच नमुन्यांत आगरोधक रसायनं मात्र वाढताना दिसली, आणि ती कळली ती नियमित तपासणीमुळेच.

नांदेडच्या कपाशीत, लातूरच्या सोयाबीनमध्ये फवारणीसाठी पाणी आणणं, फवारलेल्या रानात खुरपणं, घरी फवारणीचे कपडे धुणं ही कामं बायकांच्याच वाट्याला येतात. त्यात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्याही असतात. कीटकनाशक कायदा मात्र १९६८ चा. नवं विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि रखडलं. गाई-म्हशींच्या दुधातल्या कीटकनाशकांना मर्यादा आहे. मग नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मातांच्या दुधाची नियमित तपासणी का नको?

अंगावर पाजणं मात्र थांबवू नये. पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कायम आहे.