बांगड्याला आलेले दिवस

आईला मधुमेह निघाला तेव्हा आमच्या अंधेरीच्या घरात पहिली कुऱ्हाड साखरेवर पडली, दुसरी भातावर. मासळीत पिष्ट नाही, म्हणजे साखर वाढायची नाही, एवढ्या हिशेबावर ती ताटात टिकली. वेसाव्याहून पाटी घेऊन येणारी मावशी पाहुणे असले की पापलेट काढायची, एरवी बांगडा नाहीतर तारली. तारली तळली की अख्ख्या मजल्याला कळायचं, म्हणून ती जरा लपूनच घेतली जायची.

या गरीब मासळीचा भाव वधारला तो ग्रीनलंडमुळे. १९७०च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त तपासलं. सील आणि मासे खाऊनही रक्तातली चरबी कमीच. श्रेय गेलं ओमेगा-३ला. (त्यांच्यात हृदयविकार खरोखर कमी होता का, यावर पुढे शंका निघाल्या, पण तोवर नाव झालं होतं.) बांगडा, तारली यांच्या तेलात हेच ओमेगा-३ असतं.

मधुमेह्याला खरी धास्ती हृदयाची. २००३ साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतून पाच हजारांवर मधुमेही स्त्रियांचा हिशेब आला: वारंवार मासे खाणाऱ्यांत हृदयविकार कमी. अर्थात, मासे खाणाऱ्या बायका बाकीचीही पथ्यं पाळत असतील. मग आल्या कॅप्सूल. आईनेही दोन बाटल्या संपवल्या. २०१८ साली ब्रिटनमधल्या १५,४८० मधुमेह्यांवरच्या ‘असेंड’ चाचणीचा निकाल लागला: सात वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅमची गोळी घेऊन हृदयविकाराच्या झटक्यांत आणि पक्षाघातात लक्षणीय फरक नाही. ओमेगा-३ने साखर उतरते, असंही चाचण्यांत दिसलं नाही.

मग बांगडा हरला का? माझ्या मते नाही. गोळी जेवणात भर घालते, बांगडा मटणाची नाहीतर वड्याची जागा घेतो. फरक तिथे पडतो.

घोटाळा आम्ही चुलीपाशी केला. सुरमईला रव्याचं जाड पांघरूण, कढईभर तेल, आणि कालवण चविष्ट झालं म्हणून भात दुप्पट! जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा खारा बांगडा आणि सुकट. रक्तदाब वाढला की आम्ही पावसाळी हवेला दोष द्यायचो, मिठाचं नाव कुणी काढलं नाही. उशिरा शहाणे झालो. बांगड्याला तिरप्या चिरा, हळद, मीठ बेताचं, कोकमाचं आगळ, तव्यावर चमचाभर तेल. सोबत ज्वारीची भाकरी.

तुमच्या घरी मधुमेह असेल तर आठवड्यातून दोनदा तरी बांगडा किंवा तारली घ्या, तळू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती खायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. आणि औषधाची गोळी, मासळी कितीही ताजी मिळाली तरी, बंद करू नका.